मजबूत माल

जळगावात गालिचे धुऊन पोट भरायचं म्हणजे काय, हे समजायला आधी जळगाव समजायला हवं. इथल्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या रंगीबेरंगी चटया विणल्या जातात आणि ट्रक भरभरून देशभर जातात. चटई मळली की अंगणात ओढायची, नळीनं पाणी मारायचं, खराट्याचे चार हात द्यायचे आणि कंपाउंडच्या भिंतीवर टाकायची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वरही जातो. चहा उकळेपर्यंत चटई कोरडी. अशा गावात एक गृहस्थ रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, स्कूटरला मशीन बांधून लोकांचे गालिचे धुवायला निघतो. त्या माणसाला धाडसी म्हणायचं की काय म्हणायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गाव त्याला आप्पा म्हणतं.

आप्पा एकटे नाहीत. ती एक जात आहे. बोलावलेलं असतं कामाला, पण येतात ते तपासणीला. पंप दुरुस्त करणाऱ्यांत ही मंडळी असतात, चष्मेवाल्यांत असतात, आचाऱ्यांत तर हमखास असतात. काम सुरू करण्याआधी यजमानाला आपलं काय काय चुकलं ते कळलंच पाहिजे, असा त्यांचा दंडक असतो. आप्पा त्या जातीचे कुलगुरू.

आप्पा घरात शिरतात ते खाली बघत. यजमानाचं तोंड त्यांनी पाहिलं की नाही, याची खात्री देता येत नाही. रस्त्यात भेटलेल्या माणसाला ते नावानं ओळखत नाहीत. "तुम्ही ते निळी किनार, कूलरखाली कुजलेलं, बरोबर ना?" असं विचारतात, आणि समोरचा प्रतिष्ठित माणूस इकडेतिकडे बघत मान डोलावतो. लग्नाला गेले तर सगळ्यांचं लक्ष नवरीकडे आणि आप्पांचं स्टेजवर अंथरलेल्या लाल पट्ट्याकडे. मंगलाष्टकं चालू असताना ते हळूच कोपरा उचलून खाली डोकावतात आणि शेजारच्याला सांगतात, "तीन लग्नांपासून झाडलं नाही."

चपला ते फाटकाबाहेर काढतात. मग नळावर पाय धुतात, पिशवीतून धुतलेले मोजे काढून घालतात आणि उंबऱ्यात थांबून यजमानाच्या पायांकडे बघतात. बोलत काहीच नाहीत. महाबळ कॉलनीतला एक निवृत्त अधिकारी, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना ताटकळत उभं केलं, तो स्वतःच्या घरात पाय धुऊन आलेला मी पाहिला आहे.

मग प्रश्न सुरू होतात. "लहान मूल आहे? कुत्रं? आजोबा तपकीर ओढतात? पाहुणे कधी गेले?" शेवटी मुद्द्याचा प्रश्न: "कूलर कुठल्या खिडकीला?" खानदेशातल्या घरात देव कुठल्या कोपऱ्यात आहेत हे एक वेळ पाहुण्याला कळणार नाही, पण कूलर कुठे आहे हे कळतंच. तो मार्चमध्ये धडधडायला लागतो आणि पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. त्याच्या गवताच्या जाळीतून ओली हवा येते, टाकी भरताना पाणी सांडतं, आणि हे सगळं जातं गालिच्यात. "वहिनी, लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी पिऊनही हाताला ओली लागत नाही," आप्पा सांगतात. "तुम्हाला वाटतं कोरडं आहे. आतून दलदल." वहिनी घाबरून विचारतात, मग कूलर बंद ठेवायचा का? इथे आप्पांचं वैद्यक संपतं. जळगावात मे महिन्यात कूलर बंद ठेवायला सांगणारा, मग तो एमडी असो की आप्पा, पुन्हा त्या घरी बोलावला जात नाही.

प्रश्न झाले की परीक्षा. आप्पा उकिडवे बसतात, गालिच्याचा कोपरा उलटा करतात आणि चष्मा कपाळावर सरकवतात. या क्षणी घरात जी शांतता पसरते ती दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा नसते. कारण गालिचा हॉलमध्ये असतो आणि त्याची कुळकथा गावभर असते. कुणाचा 'इराणी' असतो, कुणाचा 'काश्मिरी', कुणाचा जावयानं दुबईहून आणलेला. त्या कथेवर घराची पत उभी असते, आणि आप्पा नेमके कथेच्या पाठीमागची बाजू बघत असतात.

पाठ खोटं बोलत नाही. हातानं गाठी मारून विणलेल्या गालिच्याची नक्षी पाठीवरही पुढच्याइतकीच स्वच्छ उमटते. त्याच्या टोकाची झालर म्हणजे त्याचेच ताणे, आतून बाहेर आलेले. यंत्रावरच्या मालाची झालर मागाहून शिवलेली असते, आणि पाठीला बहुतेक वेळा कापड नाहीतर जाळी चिकटवलेली असते. एवढ्यानं भागलं नाही तर आप्पा पाठीकडून एक धागा उपटतात, "जरा ब्रश घेऊन येतो" म्हणून स्कूटरपाशी जातात आणि तिथे काडी ओढतात. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. प्लास्टिक वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. जळगाव-धुळ्यातल्या किती घरांची अब्रू त्या स्कूटरच्या आडोशाला मण्याच्या रूपानं पडली आहे, हे फक्त आप्पांना ठाऊक. कित्येक 'इराणी' गालिचे निघतात पॉलिप्रॉपिलीनचे. म्हणजे ज्या मालाची चटई एमआयडीसीत विणतात, त्याच मालाचे. सख्खी बहीण अंगणात भिंतीवर वाळते आहे आणि ही हॉलमध्ये मानाच्या जागी पसरली आहे, असा प्रकार.

पण आप्पा हे कधीही बोलत नाहीत. इथे त्यांच्यातला तपासनीस संपतो आणि मुत्सद्दी सुरू होतो. परत येऊन ते दोन्ही हात कमरेवर ठेवतात, गालिच्याकडे आदरानं बघतात आणि म्हणतात, "मजबूत माल आहे."

यजमानाची छाती फुगते. "मग! इराणी आहे."

"असणारच. मजबूत आहे."

मजबूत म्हणजे प्लास्टिक. हा आप्पांचा परवलीचा शब्द कळायला मला बराच काळ लागला. 'वेगळाच माल आहे' म्हणजे अर्धी लोकर, अर्धी फसवणूक. 'रंग बोलका आहे' म्हणजे पाणी लागलं की रंग सुटणार. आणि खऱ्या लोकरीच्या, हातविणीच्या गालिच्यासाठी एक शब्द राखून ठेवलेला: 'नाजूक'. तो मी आप्पांच्या तोंडून फार उशिरा ऐकला.

मजबूत मालाचीही जपणूक काय वर्णावी! रिंग रोडवरच्या नानांच्या बंगल्यात सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर, टीव्हीवर भरतकामाचा रुमाल आणि गालिच्यावर चक्क चटई अंथरलेली. पाहुणे आले की चटईवर बसतात. फार मोठे पाहुणे आले तर चटई गुंडाळतात. आप्पांना हा अपमान सहन होत नाही. चटईच्या विणीतून बारीक धूळ खाली झिरपते, खडे अडकतात, आणि वर माणसं चालली की ते खडे धाग्यांना कानशीसारखे घासतात. "नाना, तुम्ही गालिचा झाकला नाही, दळायला टाकला," आप्पा म्हणाले. नानांनी चटई काढली. आठवड्यानं मी गेलो तेव्हा ती पुन्हा होती. फक्त नवी होती.

मशीन सुरू होण्याआधी पैशांचा विषय निघतो. आप्पा चौरस फुटाच्या हिशेबानं घेतात. "पायाखालच्या वस्तूला एवढे?" हा पहिला प्रश्न. "आमची बाई गच्चीवर नेऊन धुऊन देते," हा दुसरा. आप्पा वाद घालत नाहीत. मागच्या वर्षी बाईनं गच्चीवर धुतलेला गालिचा आणायला सांगतात. कपड्याच्या पावडरीचा फेस पूर्ण निघत नाही. धाग्यात राहिलेली पावडर चिकट होते आणि नवी धूळ ओढून घेते. लोकरीला कडक पावडर आणि गरम पाणी दिलं तर ती आटते. गच्चीवरून परत आलेला गालिचा एका बाजूनं आखूड झालेला असतो, आणि घरातलं कुणीतरी पुटपुटतं, "आधीपासूनच तसा होता." आप्पा मान डोलावतात. भाव ठरतो.

मग मशीन. आधी नुसतं व्हॅक्यूम, उलट्या बाजूनंही. पाणी लावण्याआधी कोरडी धूळ गेली पाहिजे, नाहीतर चिखल होतो. मग फेस, ब्रश, आणि शेवटी पाणी फवारून लगेच ओढून घेणारं तोंड. ओढलेलं पाणी एका टाकीत जमतं, ते आप्पा बादलीत ओततात, आणि मग होतं बादलीदर्शन. घरातल्या प्रत्येकाला बोलावून ती बादली दाखवली जाते. स्वयंपाकघरातून सून येते, खोलीतून कॉलेजचा मुलगा, देवघरातून आजी. पाणी खानदेशच्या काळ्या मातीसारखं काळं. "ही चोपड्याकडची माती," आप्पा निदान करतात, "आणि ही वाळू गिरणेची. कुणीतरी नदीवर गेलं होतं." कॉलेजचा मुलगा पाय मागे घेतो. सासूबाई सुनेकडे बघतात. सून म्हणते, "हा गालिचा माझ्या लग्नाआधीचा आहे." काळ्या पाण्याच्या एका बादलीवर घराचा पंचवीस वर्षांचा इतिहास पुन्हा लिहिला जातो, आणि आप्पा शांतपणे नळी गुंडाळत असतात.

या बादलीमागे परंपरा आहे, असं ते म्हणतात, आणि ती खरी आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरनं हवेनं धूळ ओढणारं यंत्र बनवलं. ते इतकं अवजड होतं की घोडागाडीवर रस्त्यात उभं राहायचं आणि लांब नळ्या खिडकीतून घरात जायच्या. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याच यंत्रानं साफ झाले. पुढे उच्चभ्रू बायका चहाला मैत्रिणी बोलावून आपल्या घरची धूळ निघताना दाखवू लागल्या. "बघा, साहेबाच्या देशात धूळ दाखवायला पार्टी द्यायचे," आप्पा म्हणतात, "आणि इथे बादली बघा म्हटलं तर दार लावून घेतात."

डागांच्या बाबतीत मात्र आप्पा पंचांग आहेत. हिवाळ्यात शेतावरची भरीत-पार्टी घरी येते, तेव्हा तेलाचे डाग. थंडीतच शेवभाजीच्या तर्रीचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-नाती माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि आमरसाची वाटी गालिच्यावर उलटते ती उलटतेच. श्रावणात कानबाईच्या सणाआधी सगळं घर धुऊन काढायचं असतं. त्याच आठवड्यात अख्ख्या खानदेशाला गालिचा आठवतो, आणि बाहेर संततधार. "आखाजीला बोलावलं असतं तर तासात वाळला असता," आप्पा करवादतात, "आता चार दिवस पंख्याखाली ठेवा आणि कानबाईला सांगा, जरा बेतानं ये."

हळदीचा डाग पडला की बायका धावत जाऊन साबण लावतात, आणि पिवळा डाग लालभडक होतो. घरात आरडाओरडा होतो. हळदीचा तो स्वभावच आहे. साबणासारखं क्षारी काही लागलं की ती लाल होते, व्हिनेगर किंवा लिंबू लावलं की पुन्हा पिवळी. ऊन मात्र तिला फिकी करतं, आणि उन्हाला जळगावात तोटा नाही. पण केळीपुढे आप्पा हात टेकतात. केळीचा चीक पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, कुणाला दिसत नाही. हवा लागली की तो तपकिरी होतो आणि मग कापड फाटेपर्यंत साथ देतो. रावेर-यावलकडचा बागायतदार बंगल्यात आला की आप्पा आधी त्याच्या धोतराकडे बघतात. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांच्या डागांनाही ते मिळायला हवं, असं आप्पांचं प्रामाणिक मत आहे.

'नाजूक' हा शब्द मी ऐकला तो धुळ्यात. देवपुरातून बोलावणं आलं होतं आणि मी सोबत गेलो होतो. स्कूटर घरी ठेवून आप्पा मशीनसकट एसटीत चढले. कंडक्टरनं मशीनकडे बघून विचारलं, "फवारणीचा पंप का? लगेज लागेल." एरंडोल येईपर्यंत आप्पा त्याला गालिचा म्हणजे काय ते समजावत होते. पारोळ्याला कंडक्टरनं विचारलं, "म्हणजे कपाशीवर चालत नाही?" आणि तिकीट फाडलं.

घरात शिरताच आजीबाईंनी पहिला प्रश्न टाकला, "पानी किती लागी रे भाऊ?" धुळ्यात नळ कधी येणार हे लोक पंचमी-सप्तमीसारखं लक्षात ठेवतात. आप्पांनी दोन बोटं दाखवली. आजींनी दोन तांबे धरले. बादल्या आहेत म्हटल्यावर त्या भिंतीला टेकून बसल्या. हॉलमधला गालिचा नवा, झगझगीत, दिवाळीत घेतलेला. आप्पांनी कोपरा उलटला आणि म्हणाले, "मजबूत आहे." मालक खूश. मग सहज म्हणाले, "माळ्यावर एक जुनं आहे, आजोबांच्या वेळचं. हरभऱ्याची पोती ठेवायला घेतो. बघा, त्याचं काही होतं का, नाहीतर टाकून देऊ."

पोती बाजूला झाली आणि गुंडाळी खाली आली. मालकांच्या सांगण्याप्रमाणे आजोबा वकील होते आणि हा त्यांनी येरवड्याच्या तुरुंगातून आणवला होता. इंग्रजांच्या काळी तुरुंगात गालिचे विणत, आणि येरवड्याच्या मालाचं नाव होतं. आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेला एक अवाढव्य गालिचा तर राणी व्हिक्टोरियाच्या विंडसर राजवाड्यात गेला. आप्पांनी पाठ पाहिली. झालर पाहिली. काडीसाठी बाहेर गेलेच नाहीत. गाठींवरून बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "तुरुंगातला माल म्हणजे काम चोख. कारागिराला घरी जायची घाई नव्हती." मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुमच्याच धुळ्याच्या जेलमध्ये १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. इथून गीता निघाली, येरवड्याहून हा निघाला. आपण बाहेरच्यांनी काय केलं?"

"पण माल कसा आहे?" मालकांनी विचारलं.

"नाजूक आहे."

मालकांचा चेहरा पडला. "म्हणजे मजबूत नाही?"

"नाही हो. फार नाजूक."

"मी म्हटलंच होतं," मालक बायकोला म्हणाले, "पोत्यांखालीच बरा होता."

आयुष्यात पहिल्यांदा आप्पांचा परवलीचा शब्द त्यांच्यावर उलटला. त्यांनी खूप समजावलं. लोकर, हातानं मारलेल्या गाठी, रंग, सगळं. जितकं समजावलं तितका मालकांचा संशय वाढला, की हा माणूस गालिचा स्वस्तात मागणार. शेवटी आप्पांनी मशीन बाजूला ठेवलं. बाह्या सारल्या आणि गार पाणी, सौम्य शाम्पू, शेवटी दोन झाकणं व्हिनेगर घातलेलं पाणी, असं हातानं, लवेच्या दिशेनं, दुपारभर धुतलं. आजी अधूनमधून येऊन बादल्या मोजत होत्या. एका कोपऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं, तिथे तपकिरी ठिपका होता. आप्पा न बघता म्हणाले, "आजी, हाऊ केयना डाग शे. हाऊ जात नही." आजींना एकदम पटलं. त्या घरात आप्पांवर विश्वास बसला तो त्यांनी हार मानली तेव्हा.

संध्याकाळी लाल आणि निळा रंग असा वर आला की मालकांची मुलगी फोटो काढायला लागली. मालकांनी नव्या गालिच्याकडे बघितलं, जुन्याकडे बघितलं, बराच विचार केला आणि निर्णय दिला: "छान निघाला. पण हॉलमध्ये येणंजाणं फार. तिथे मजबूतच राहू दे. हा नाजूक आहे, जपून माळ्यावर ठेवू." पोती मात्र त्यावर ठेवणार नाही, एवढं वचन त्यांनी दिलं. परतीच्या एसटीत आप्पा पारोळ्यापर्यंत बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "वीस वर्षं लोकांची अब्रू झाकली. आज कळलं, फार चांगली झाकली."

आप्पांच्या स्वतःच्या घरी गालिचा नाही. त्यांच्या बायकोनं एकदा हौस बोलून दाखवली होती, तर म्हणाले, "घरी आलो तरी कामच करू का?"

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी गालिचा असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. काही सांडलं तर लगेच कोरड्या कापडानं टिपा, घासू नका. हळदीला साबण लावू नका. केळी स्वयंपाकघरात बसून खा. आणि आप्पांसारखा कुणी येऊन तुमच्या गालिच्याला 'मजबूत' म्हणाला तर चहा पाजा, पैसे द्या, पण काडी ओढायला जाऊ नका.